नाण्याला कडी लागते तेव्हा

(स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



नाण्यांच्या लिलावाच्या याद्या चाळायची सवय असलेले काही जण या सभागृहात नक्की असतील. त्यांना एक शेरा ओळखीचा असेल: ‘एक्स ज्वेलरी’. म्हणजे हे नाणं कधीतरी दागिन्यात होतं. शेरा बारीक अक्षरात असतो आणि त्यापायी किंमत भराभर खाली येते. काठाला कडी झाळल्याची खूण, राजाच्या डोक्यावर भोक किंवा कोंदणात बसवताना दबलेली कड, यांतलं काहीही दिसलं की संग्राहक पान उलटतो. काही व्यापारी त्याच्याही पुढे जातात. भोक सोन्याने बुजवतात, कडी कापून ती जागा कानशीने गुळगुळीत करतात आणि नाणं जणू कालच टाकसाळीतून आलंय असं करून विकायला ठेवतात.

मला आज या भोकाची आणि या कडीची बाजू मांडायची आहे. कोऱ्या नाण्यावर राजाला काय म्हणायचं होतं ते कळतं. त्याच नाण्याला कडी लागली की ते ज्यांच्या हाती गेलं त्यांचं म्हणणं कळायला लागतं. आणि या मंडळींनी, म्हणजे सोनार, सावकार, सैनिक, लेकीसुना यांनी, आपलं म्हणणं दुसरीकडे कुठे फारसं लिहून ठेवलेलं नाही. म्हणून दागिन्यातलं नाणं हे ‘खराब झालेलं’ नाणं नाही. त्यावर दोन काळांच्या नोंदी आहेत आणि आपण त्यांतली एकच वाचत आलो आहोत.

वकिलांच्या लक्षात आधी आलं

सुरुवात रोमपासून करू, कारण नाणं दागिना झालं म्हणजे नेमकं काय बदलतं, हे तिथल्या कायदेपंडितांनी फार लवकर ओळखलं होतं.

रोमन कायद्यात उपभोगाच्या हक्काची एक सोय होती. नवरा मरताना घर, शेत, गुरंढोरं मुलांच्या नावावर करी आणि बायकोला त्यांचा हयातभर उपभोग घ्यायचा हक्क देई. तिने घरात राहावं, शेताचं पीक खावं, पण मूळ वस्तू जशीच्या तशी मागे राहिली पाहिजे. यातून एक पेच उभा राहतो. जी वस्तू वापरली की संपते, तिचं काय करायचं? सिसेरोने इ.स.पू. 44मध्ये लिहिलेल्या ‘टॉपिका’त हेच उदाहरण घेतलं आहे. नवऱ्याने विधवेला मालमत्तेचा उपभोग दिला आणि मागे दारूची अन् तेलाची भरलेली कोठारं राहिली, तर ती आपली आहेत असं तिने समजू नये. कारण तिला वापर दिला आहे, फस्त करण्याची मुभा दिलेली नाही. पैशाचंही तसंच. खर्च केल्याशिवाय तो उपयोगी पडत नाही आणि खर्चला की उरत नाही. पुढे तारण घेऊन असा उपभोग देण्याची वेगळी व्यवस्था झाली, पण तत्त्व म्हणून पैसा दारू-तेलाच्याच रांगेत राहिला.

इ.स.च्या दुसऱ्या शतकात पोम्पोनियस नावाचा कायदेपंडित याला एक अपवाद सांगतो. लोक जी जुनी सोन्याची किंवा चांदीची नाणी रत्नांच्या जागी वापरतात, त्यांच्या उपभोगाचा हक्क मृत्युपत्राने देता येतो, असं त्याचं मत आहे. सम्राट जस्टिनियनने 533 साली जारी केलेल्या ‘डायजेस्ट’ या संकलनाच्या सातव्या पुस्तकात हे मत जपलं गेलं. मूळ मजकूर वाक्याएवढाच आहे, पण त्यातून बरंच निघतं. पहिलं म्हणजे ही चाल एवढी रुळलेली होती की वकिलांपुढे तसे प्रश्न येत होते. दुसरं, पोम्पोनियस नुसत्या नाण्यांबद्दल बोलत नाही, जुन्या नाण्यांबद्दल बोलतो. चलनातून मागे पडलेलं, गेलेल्या काळाचा चेहरा असलेलं नाणं त्याच्या नजरेसमोर आहे. आणि तिसरी गोष्ट सगळ्यात मोठी: धातू तोच, वजन तेच, छाप तोच. बदलली ती फक्त वापरण्याची रीत, आणि तेवढ्याने कायद्यात वस्तूची जातच बदलली. काल ती तेलाच्या बुधल्यासारखी संपणारी होती, आज ती घरासारखी टिकणारी झाली.

रेनचं पात्र, हॉक्सनची साखळी

आता दोन वस्तू पाहू. पहिली पडद्यावर दिसते आहे. फ्रान्समधल्या रेन गावात 1774 साली एक जुनं घर पाडताना हे सोन्याचं उथळ पात्र सापडलं. आज ते पॅरिसला, फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या नाणेसंग्रहात आहे. वजन 1,300 ग्रॅमच्या थोडं वर, व्यास सुमारे 25 सेंटिमीटर. मधल्या वर्तुळात मद्याचा देव बाकस आणि वीर हर्क्युलिस यांची पिण्याची पैज कोरलेली आहे. भोवती काठाने 16 सोन्याची नाणी जडवली आहेत आणि प्रत्येकाला पानांच्या वेलाची चौकट आहे.

या 16 नाण्यांवरचे चेहरे बघा. हेड्रियनपासून सुरुवात होते, मग अँटोनाइन घराण्याचे सम्राट आणि सम्राज्ञी, आणि शेवटी सेप्टिमियस सिव्हेरस, त्याची बायको ज्युलिया डोमना आणि त्यांची मुलं, कॅराकला आणि गेटा. सिव्हेरस हा यादवीत जिंकून सम्राट झालेला माणूस. 195च्या सुमारास त्याने स्वतःला मार्कस ऑरेलियसचा दत्तक मुलगा म्हणवून घ्यायला सुरुवात केली. मार्कस ऑरेलियस तेव्हा हयातही नव्हता! हे पात्र घडवणाऱ्याने तोच दावा सोन्यात मांडला. जुन्या घराण्याची नाणी आणि नव्या घराण्याची नाणी एका काठावर, एकाच मापाच्या चौकटीत बसवली की वंशावळ आपोआप जुळते. एकेक नाणं सुटं असतं तर हा अर्थ कुणालाच दिसला नसता.

पुढची गोष्ट गेटाची. 211 साली कॅराकलाने धाकट्या भावाचा खून करवला आणि त्याचं नाव शिलालेखांतून, त्याचा चेहरा चित्रांतून पुसून टाकायचा हुकूम काढला. बर्लिनमध्ये या कुटुंबाचं एक गोल रंगचित्र आहे. त्यात गेटाच्या तोंडाच्या जागी खरवडलेला डाग आहे. रेनच्या पात्रावर मात्र गेटा आपल्या जागी बसलेला आहे. जडवलेलं नाणं काढायचं म्हणजे चौकट उचकटायला हवी, आणि ते कुणी केलं नाही. अर्थात काठावरच्या नाण्यांवरूनच पात्राचा काळही ठरतो: ते तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीचं आहे.

दुसरी वस्तू इंग्लंडमधली. 1992 साली सफक परगण्यात हॉक्सन गावाजवळच्या शेतात एक गृहस्थ मित्राचा हरवलेला हातोडा शोधत होते. धातुशोधक यंत्र वाजलं आणि जमिनीतून रोमन काळाच्या अखेरचा मोठा ठेवा बाहेर आला. त्यात जवळपास 15,000 नाणी होती आणि शिवाय सोन्याची एक साखळी होती. ही गळ्यातली साखळी नाही. दोन्ही खांद्यांवरून आणि दोन्ही काखांखालून येणाऱ्या चार साखळ्या पुढे छातीवर आणि मागे पाठीवर जोडलेल्या. पुढच्या जोडावर जांभळा अमेथिस्ट आणि तांबडे गार्नेट, मागच्या जोडावर सम्राट ग्रेशियनचं सोन्याचं नाणं. साखळीचं माप इतकं लहान की ती एखाद्या सडपातळ तरुणीची किंवा मुलीची असावी.

ग्रेशियन 383 साली मारला गेला. ठेव्यातली सगळ्यात उशिराची नाणी 407-408ची आहेत. म्हणजे साखळी पुरली तेव्हा ते नाणं पंचवीसएक वर्षांचं तरी जुनं होतं. त्याच ठेव्यात नवीकोरी सोन्याची नाणी शेकड्याने पडलेली असताना ग्रेशियनचं नाणं साखळीतच राहिलं. पोम्पोनियसच्या वाक्याला याहून चांगला पुरावा मिळणार नाही.

चेहरा कामाला येतो

रेन आणि हॉक्सन पाहून कुणी म्हणेल, ही श्रीमंतांची हौस झाली. हौस तर होतीच, पण श्रद्धाही होती. ‘हिस्टोरिया ऑगस्टा’ हा चौथ्या शतकाच्या अखेरचा चरित्रसंग्रह इतिहास म्हणून फारसा भरवशाचा नाही, पण त्यात एक चाल सांगितली आहे: एका घराण्यातले पुरुष अंगठ्यांवर आणि बायका केसांच्या जाळीवर, बांगड्यांवर सिकंदराची मुद्रा वागवत, कारण सोन्याचांदीतला सिकंदर अंगावर असला की हाती घेतलेलं काम तडीला जातं असा समज होता. अशी चाल खरोखर होती हे एका विरोधकाकडून कळतं. त्याच सुमारास अँटिऑकमध्ये प्रवचनं करणारे धर्मगुरू जॉन क्रिसोस्टम यांनी सिकंदराची तांब्या-पितळेची नाणी डोक्याला आणि पायाला बांधणाऱ्या ख्रिस्ती भाविकांची चांगलीच कानउघाडणी केली आहे. सिकंदर जाऊन तोवर 700 वर्षं झाली होती.

पुढे युरोपात हे लोण पसरलं. इंग्लंडमध्ये सापडलेला ‘विल्टनचा क्रॉस’ हा सातव्या शतकातला छातीवर घालायचा दागिना ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. लाल गार्नेटच्या कोंदणकामात मधोमध सम्राट हिराक्लियसचं सोन्याचं नाणं बसवलं आहे. समोर ठेवली आहे ती नाण्याची मागची बाजू, कारण तिच्यावर पायऱ्यांवर उभा क्रॉस आहे. आणि ती बसवली आहे उलटी. समोरून बघणाऱ्याला क्रॉस पालथा दिसतो, पण घालणाऱ्याने मान खाली केली की त्याला तो सुलटा दिसतो. सोनाराची चूक म्हणून हे सोडून देता येतं. पण एवढं बारीक कोंदणकाम करणारा कारागीर वर-खाली चुकेल, हे पटत नाही. दागिना कुणासाठी आहे, जगासाठी की घालणाऱ्यासाठी, याचं उत्तर नाणं फिरवून दिलेलं दिसतं.

भोक कसं वाचावं

आता थोडं हाताने करायचं काम. खिशातला रुपया काढा. वरची आणि खालची कड अंगठा आणि तर्जनीत धरून नाणं उभ्या आसाभोवती फिरवा. आपल्या आजच्या नाण्याची मागची बाजू अशी फिरवल्यावर सुलटीच येते. पुष्कळ रोमन नाण्यांत ती उलटी येते. याचा अर्थ काय, तर सम्राटाच्या डोक्यावर भोक पाडून असं नाणं टांगलं की मागची देवता पायांवर न राहता डोक्यावर उभी राहते. भोक पाडणाऱ्याला त्यामुळे निवड करावीच लागते: राजा सरळ हवा की देवता? भोकाची जागा हे त्या निवडीचं उत्तर असतं.

मग भोकाची कड बघावी. टोच्या ज्या बाजूने ठोकला तिथे कड आत दबते आणि पलीकडच्या बाजूला धातूची बारीक भिंत वर येते. भोक काठोकाठ गोल असेल तर दागिना फार वापरलेला नाही. दोऱ्याने घासून वरच्या अंगाला लांबट झालं असेल तर नाणं वर्षानुवर्षं अंगावर होतं. कडी झाळलेली असेल तर झाळीचा रंग बघावा. झाळीच्या सोन्यात हीण जास्त घालतात, ती लवकर वितळावी म्हणून, आणि तिचा रंग नाण्याच्या बावनकशी रंगाहून वेगळा पडतो. शेवटी झीज. एकीकडचं नाक, केस, अक्षरं घासलेली आणि दुसरीकडची शाबूत, असं असेल तर कुठली बाजू अंगाला लागत होती याचा अंदाज बांधता येतो. या चारही गोष्टींना साधं भिंग पुरतं.

दख्खनमधले रोमन चेहरे

हे वाचन घेऊन आपल्याकडे येऊ. इ.स.च्या पहिल्या शतकात रोमन सोनं भारतात येत होतं, यावर दोन्हीकडचे पुरावे जुळतात. भारताबरोबरच्या व्यापारात दरसाल पाच कोटी सेस्टर्स, म्हणजे रोमन नाणी, जातात, अशी तक्रार रोमन लेखक प्लिनीने लिहून ठेवली आहे. ‘पेरिप्लस’ या ग्रीक खलाशी-मार्गदर्शकात भडोच बंदरात रोमन सोन्याचांदीची नाणी आणली तर स्थानिक नाण्यांशी बदलताना नफा होतो, असं सांगितलं आहे. याच ग्रंथात भडोचपासून आत गेल्यावर लागणारी दोन गावं आली आहेत, पैठण आणि तगर. तगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यातलं आजचं तेर.

ही नाणी इथे आल्यावर त्यांचं काय झालं? दोन ठेवे शेजारी ठेवून बघा. पहिला तामिळनाडूतल्या पुदुक्कोट्टईचा, 1898मध्ये सापडलेला. त्यात पहिल्या शतकातली, ऑगस्टसपासून व्हेस्पेसियनपर्यंतची 501 सोन्याची नाणी होती. त्यांतल्या बहुतेकांवर सम्राटाच्या चेहऱ्यावरच छिन्नीचा खोल घाव आहे. अभ्यासकांचा कौल असा की ही नाणी नाणी म्हणून पुन्हा फिरू नयेत, फक्त सोनं म्हणून तोलली जावीत, यासाठी ती बाद केली होती. दुसरा ठेवा कर्नाटकातल्या हावेरी जिल्ह्यातल्या अक्की आलूरचा. यात मुख्यत्वे पाचव्या-सहाव्या शतकातल्या पूर्व रोमन सम्राटांची सोन्याची नाणी आहेत आणि त्यांतल्या बऱ्याच नाण्यांना भोकं आहेत. भोक एक नाही, दोन. जवळजवळ आणि नेमकी सम्राटाच्या डोक्याच्या वर. दक्षिण भारतात मिळालेल्या या काळातल्या रोमन नाण्यांवर ही जोडभोकं वारंवार दिसतात.

दोनच का? एका भोकातून दोरा घातला तर नाणं गरगर फिरतं. दोन भोकांतून घातला तर ते सपाट बसतं आणि चेहरा पुढेच राहतो. म्हणजे या माणसांना सोनं तर हवंच होतं, पण चेहराही हवा होता आणि तो समोर हवा होता. पुदुक्कोट्टईच्या छिन्नीने चेहरा मोडला आणि सोनं ठेवलं. अक्की आलूरच्या टोच्याने चेहऱ्याला धक्का लागू दिला नाही. दोहोंमध्ये चारेकशे वर्षांचं अंतर आहे, मुलूख वेगळे आहेत, म्हणून सरळ तुलना करताना सावध राहायला हवं. तरी ‘भारतीयांनी रोमन नाणी वितळवण्यापुरतीच घेतली’ हे जे सरसकट विधान आपण वाचतो, ते या जोडभोकांपुढे टिकत नाही.

आणखी एक पुरावा मातीचा आहे. तेरला, तेलंगणातल्या कोंडापूरला, ओडिशातल्या शिशुपालगडला रोमन नाण्यांच्या नकला भाजलेल्या मातीत केलेल्या सापडल्या आहेत. टायबेरियसच्या नाण्याचा छाप साच्याने उठवायचा आणि वरच्या अंगाला टांगायला नाकं ठेवायचं. मातीच्या लोलकाला बाजारात सोन्याचा भाव येत नाही. तो घालणाऱ्याला हवी होती ती त्या छापाची शान. बोधगयेला महाबोधी मंदिरातल्या वज्रासनाखाली पुरातत्त्वज्ञ कनिंगहॅमला मिळालेल्या ऐवजात कुषाण राजा हुविष्काच्या नाण्याच्या छापावर घडवलेला सोन्याचा लोलक होता. तिथे तर नाण्याचा छाप देवाच्या पायाशी पोचला. नाणं दागिन्यात जातं तेव्हा ते निव्वळ साठवणीचं सोनं म्हणून जात नाही, हे मातीच्या लोलकाने सगळ्यात पक्कं सिद्ध होतं, कारण त्यात सोनंच नाही.

व्हेनिसची पुतळी

आता आपल्या घरात. पुतळ्यांची माळ कुणाच्या आजीकडे, पणजीकडे नव्हती? कोल्हापूरच्या अंबाबाईच्या अलंकारांत मोहरांची माळ आहे, तशी पुतळ्यांचीही आहे. ही पुतळी मुळात व्हेनिसची.

व्हेनिसच्या प्रजासत्ताकाने 1284 साली डुकाट नावाचं सोन्याचं नाणं पाडायला सुरुवात केली. वजन साडेतीन ग्रॅम, म्हणजे आपल्या हिशेबाने साडेतीन मासे आणि वर गुंजभर. शुद्धता शेकडा 99च्या वर. एका बाजूला संत मार्क उभा आहे आणि समोर गुडघे टेकलेल्या डोजच्या, म्हणजे राज्यप्रमुखाच्या, हाती तो ध्वज देतो आहे. दुसऱ्या बाजूला लांबट चौकटीत उभा येशू, भोवती तारे. 1797मध्ये नेपोलियनने व्हेनिसचं राज्य बुडवलं, तोवर पाचशेहून अधिक वर्षं डोजचं नाव सोडता या छापात फारसा फरक पडला नाही, कसही घसरला नाही. इजिप्त आणि तांबडा समुद्र ओलांडून हे नाणं भडोच, सुरत, चौल, दाभोळकडे आलं. भडोचला 1882च्या सुमारास सापडलेल्या चौदाव्या शतकातल्या ठेव्यात मामलुक सुलतानांच्या नाण्यांसोबत व्हेनिसची नाणीही होती. पुढे पेशवाईच्या कागदांत होन, मोहर यांच्या जोडीला पुतळी येते, ती हीच.

आपल्या लोकांनी या नाण्यावर काय पाहिलं? दोन आकृत्या आणि मध्ये उंच काठी. महाराष्ट्रात त्या राम-सीता झाल्या. दक्षिणेत या नाण्याला ‘शाणार काशू’ म्हणत. ध्वजाच्या काठीशी असलेल्या माणसात तिथल्या लोकांना ताडावर चढणारा माडीवाला दिसला. मग इथल्या सोनारांनी नकला करायला घेतल्या आणि त्या नकला म्हणजे निरीक्षणाचा खजिनाच आहेत. लॅटिन अक्षरं कळत नसल्यामुळे ती उभ्या-आडव्या रेघा झाली. गुडघे टेकलेला डोज अनेक नकलांत उठून उभा राहिला, कारण रामापुढे सीता गुडघे टेकून कशाला बसेल? काठी मात्र राहिली. तारे ठिपके झाले. अस्सल डुकाट, इथली जुनी नक्कल आणि आजची पत्र्यावर दाबून काढलेली पुतळी शेजारी ठेवली, तर पाचसहाशे वर्षांत व्हेनिसचं नाणं मराठी कसं झालं हे पायरीपायरीने दिसतं.

पुतळीला भोक क्वचित पाडतात. काठाला कडी झाळतात, म्हणजे वजन शाबूत राहतं. मग पटवेकरी ती रेशमात गाठवतो. या रचनेत एक हिशेब आहे. माळ एकसंध घडवलेली नसते. अडीनडीला रेशीम सोडवून दोन पुतळ्या काढता येतात, हात मोकळा झाला की दोन वाढवता येतात आणि माळ पुन्हा गाठवून घेता येते. कुठल्याही सराफाकडे जा, पुतळीला घट कमी, कारण घडणावळ जवळजवळ नाहीच. दागिना म्हणून घालायची आणि नाणं म्हणून मोडायची, अशी दुहेरी सोय.

पोम्पोनियसचा मुद्दा इथे पुन्हा कामाला येतो. घरातल्या पेटीतली मोहर ही कर्त्या पुरुषाच्या हिशेबातली. तीच कडी लावून सुनेच्या गळ्यात गेली की स्त्रीधन. 1985च्या प्रतिभा राणी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्त्रीधनावर स्त्रीचीच पूर्ण मालकी असते आणि ते नवऱ्याकडे सांभाळायला असलं तरी ती मालकी जात नाही, असा निर्वाळा दिला. ज्या समाजात बाईच्या नावावर शेत नसे, सावकाराकडे खातं नसे, तिथे तिच्या हक्काची संपत्ती गळ्यात रोकड होऊन बसली होती. स्वातंत्र्यानंतर सरकारनेही हाच भेद मानला. 1963पासूनचं सुवर्ण नियंत्रण आणि पुढे 1968चा कायदा, जो 1990मध्ये रद्द झाला, यांनी सोन्याच्या लगडी बाळगायला बंदी केली आणि दागिने बाळगू दिले. सोनं तेच. पण ते अंगावर घालायचं की तिजोरीत ठेवायचं, यावर कायदा ठरत होता.

मोडण्याआधी

आता शेवटचा, कामाचा मुद्दा. सोन्याचे भाव चढले की जुन्या पुतळ्या मोडीत निघतात. मोडणाऱ्यांना दोष देण्यात अर्थ नाही; मोडता यावी म्हणूनच ती माळ अशी गाठवली होती. वाईट वाटतं ते अभ्यासकांचं. आपल्या संग्रहालयांच्या आणि याद्यांच्या नोंदींत राजाचं नाव, वजन, व्यास, टाकसाळ सगळं असतं आणि भोकाबद्दल एक शब्द: ‘छिद्रित’. भोक कुठे आहे, किती आहेत, कुठल्या बाजूने ठोकली, कडी कुठल्या बाजूच्या वरच्या अंगाला आहे, याचा पत्ता नसतो. रोमन नाण्यांच्या अभ्यासात अलीकडे हे नोंदवायला लागले आहेत आणि त्यामुळेच जोडभोकांची चाल लक्षात आली. पुतळीबाबत हे काम जवळजवळ झालेलंच नाही.

इथे मला दागिन्यांच्या व्यवसायाकडूनही शिकण्यासारखं दिसतं. 1960च्या दशकापासून रोमच्या बुल्गारी या पेढीने प्राचीन नाणी जडवलेले दागिने आणले. ते नाण्याला भोक पाडत नाहीत, झाळ लावत नाहीत. कोंदणात धरतात, आणि नाणं कुणाचं, कुठलं, कधीचं ते कोंदणावर कोरतात. दागिना आणि नोंद एकाच वस्तूत. आपल्या सराफ पेढ्यांना हे अवघड नाही.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. जमिनीत सापडलेलं नाणं ही वेगळी बाब आहे. 1878च्या निखात निधी कायद्यानुसार ते जिल्हाधिकाऱ्यांना कळवावंच लागतं. वाडवडिलांकडून आलेली माळ तुमची आहे. शंभर वर्षांहून जुनं नाणं मात्र 1972च्या पुरावस्तू कायद्याखाली येतं आणि परदेशी पाठवता येत नाही.

तेव्हा घरची पुतळ्यांची माळ मोडायची असेल तर खुशाल मोडा. फक्त पटवेकऱ्याने किंवा सराफाने रेशीम कापायच्या आधी एक काम करा. प्रत्येक पुतळीच्या दोन्ही बाजूंचा फोटो शेजारी मोजपट्टी ठेवून काढा. तिचं वजन कागदावर लिहा. साडेतीन ग्रॅमच्या आसपास असेल आणि काठाला अक्षरं असतील तर ती व्हेनिसची असू शकते, मग तिची चौकशी करा आणि ती बाजूला ठेवा. कडी कुणाच्या डोक्यावर आहे, येशूच्या की संत मार्कच्या, हे न विसरता लिहा, कारण सोनं कुठलंही मिळेल, ही माहिती दुसरीकडे कुठेच मिळणार नाही. आणि माळ कुणाची होती, कुठल्या गावची होती, कुणाच्या लग्नात आली आणि तिच्यातल्या पुतळ्या कधी, कशासाठी कमी झाल्या, हे घरातल्या म्हाताऱ्या बायकांना विचारून त्याच कागदावर उतरवा. अशा शेदोनशे माळांच्या नोंदी एखाद्या विद्यापीठाच्या पुरातत्त्व विभागाकडे जमल्या, तर पुतळीचा इतिहास व्हेनिसच्या टाकसाळीपासून नाही, मराठी बायकांच्या हिशेबापासून लिहायला घेता येईल.